मनगटावरचा उलटा लांडगा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

परवा थोरलीने मला फोनवर लांडग्यांची चित्रं पाठवली. अंगावर गोंदवून घ्यायचे लांडगे. सगळे बारीक रेघेचे, टोक काढलेल्या पेन्सिलीने एका दमात काढावेत तसे. एकाचं नुसतं तोंड, एक चंद्राकडे मान वर करून बसलेला, एक इतका लहान की चष्मा पुसून पुन्हा पाहावा लागला. खाली प्रश्न होता: मनगटावर, कानामागे, गळ्याच्या हाडावर, बरगडीवर की घोट्यावर? आजी, तुला काय वाटतं?

इथवर मी खूश होते. एवढ्या लांबून कुणी माझं मत विचारतं याचा आनंद होतो. मग दुसरा निरोप आला: "आई म्हणते, काकूआजीच्या हातावर होता तसाच काढ. तो कसा होता गं?"

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल आजीचा फोन बंद आहे. फोन चालू होता. मला राग आला होता, आणि तो थोरलीचा नव्हता. आमच्या घरात लांडग्याचा विषय निघाला की तो काकूआजीच्याच दारात जाऊन थांबतो, ती नसली तरी. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोनवर सांगता आलं नसतं. तुमची आई मध्येच बोलली असती, आणि ती नेहमी काकूच्या बाजूने बोलते. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, पण देवनागरी तुम्हाला येते. ती मीच शिकवली आहे, काकूआजीने नाही.

तुमची काकूआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी औंढ्याकडच्या आपल्या गावात एकाच घरात नांदत होतो. मी तालुक्याच्या गावी शाळेत इंग्रजी शिकवायचे. सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या एस.टी.ने यायचं. माझं सगळं जागच्या जागी असे. साडीला आदल्या दिवशी इस्त्री, पर्समध्ये रुमाल आणि सुट्टे पैसे, खडूंची डबी वेगळी. जाऊ चौथीपर्यंत शिकलेली. तिचं माहेर साखऱ्याच्या बाजूला, माळावर, जिथे जमीन कोरडी आणि दर घरात शेळ्या. तिला दोन मुलगे, मला एकच मुलगी, ती म्हणजे तुमची आई. मी शाळेत असले की तुमच्या आईला जाऊच सांभाळायची. तिच्यामुळे माझी नोकरी टिकली हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने पोटातली जळजळ कमी होत नाही.

जावेच्या डाव्या हातावर, मनगटाच्या तीन बोटं वर, आतल्या बाजूला लांडगा होता.

गोंदण तेव्हा आमच्याकडे सगळ्याच बायकांच्या हातांवर असे. ठिपके, तुळस, विंचू, भावाचं नाव. तीन-चार सुया एकत्र बांधून गोंदलेलं, त्यामुळे रेघ जाड आणि रंग हिरवट. जावेचा लांडगा तसा नव्हता. तो एकाच सुईने, ठिपक्याला ठिपका लावत काढला होता आणि लांबून पाहिलं तर कानापासून शेपटीपर्यंत केसासारखी एकच रेघ दिसायची. खाली चार पाय, चालणारे. डोळा काढलेला नव्हता, तरी तो कुठे पाहतो आहे ते कळायचं.

तो तिच्या हातावर कसा आला ते ती कुणालाही सांगायची, भाजी निवडताना, पापड लाटताना.

"मी लहानी व्हते. शेळ्या घेऊन माळावर बसले व्हते, करडू मांडीपाशी. त्यो आला. करडू उचललं, माझ्याकडं बघितलं अन् गेला. पळाला बी न्हाई. चालत गेला, आपल्या घरचं असल्यावानी."

घरी आल्यावर तिची आजी म्हणाली, त्यानं तुला बघितलंय, आता तू त्याच्या वळखीची. ओळख पक्की करून टाकू. मग गोंदणारी बाई आली. लेकराचा हात म्हणून तिने एकच सुई घेतली. आणि आजीने तिला बजावलं की तोंड बोटांकडे कर. आमच्याकडे तशी रीतच होती. जनावर गोंदायचं तर ते हाताबाहेर चाललेलं पाहिजे. कोपराकडे तोंड केलं तर ते गोठ्यात शिरतं, असं जुन्या बायका म्हणत. मी हे शंभरदा ऐकलं होतं आणि शिकलेल्या माणसाने ऐकावं तसं ऐकलं होतं.

आता तुमच्या आईचं सांगते. ती चार-पाच वर्षांची असताना मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ओसरीवर रोज तेच दिसायचं. जाऊ भिंतीला टेकून बसलेली, तुमची आई तिच्या मांडीवर, आणि तुमच्या आईचं बोट त्या लांडग्याच्या पाठीवरून मागे-पुढे फिरतंय.

"काकू, आज कुठं गेला लांडगा?"

"आज सिद्धेश्वरला. धरणावर पाणी प्यायला."

"मासे खाल्ले?"

"बघितले. खाल्ले न्हाईत. सोमवार हाय ना."

मी चपला काढून, पाय धुऊन, पर्स खुंटीला लावेपर्यंत ती मान वर करायची नाही. मी नांदेडहून तिला चित्रांचं इंग्रजी पुस्तक आणलं, त्यात मुद्दाम लांडगा पाहून आणलं. त्या लांडग्याच्या अंगात कोट होता. तुमच्या आईने ते चित्र पाहिलं, पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "हा खोटा आहे." आणि गेली काकूकडे.

एकदा मी तिला पाढे म्हणायला घेऊन बसले. तिने माझा डावा हात ओढला, उलटा केला, सुलटा केला.

"आई, तुझा हात कोरा काहून हाय?"

"काहून नाही, का. हाय नाही, आहे."

"तुझा हात कोरा का आहे?"

वाक्य दुरुस्त झालं होतं, आता उत्तर द्यावं लागणार होतं. माझे वडील तहसील कचेरीत होते, इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे. आमच्या घरात मुलींनी गोंदायचं नाही असा त्यांचा नियम होता. ते म्हणायचे, सही करता येते त्या हाताला खुणेची गरज नाही. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. पाच वर्षांच्या मुलीला ते सांगून पाहिलं. ती म्हणाली, "काकूला पण सही येते."

सासूबाई दळण निवडत होत्या. त्यांना असं काही ऐकू आलं की त्या सोडत नसत.

"सोनं लेकरं काढून घेतात. लुगडं जळून जातं. गोंदण तेवढं बाईसंगं वर जातं. मास्तरीण, तू तं हात हलवत जाशील."

जाऊ आतून म्हणाली, "अक्का इंग्रजी घेऊन जातील. देव बी घाबरंल." सगळे हसले. मीही हसले. ती मला अक्का म्हणायची, आणि तिने ते माझी बाजू घेऊनच म्हटलं होतं. तिचं हेच मला सहन होत नसे. भांडायला गेलं तर भांडण सापडायचं नाही.

त्या वर्षी मी ठरवलं की माझ्याही हातावर लांडगा काढून घ्यायचा. मोर नको, तुळस नको. लांडगाच, आणि तसाच बारीक. माझ्या मुलीचं बोट माझ्या हातावर फिरायला हवं होतं. एवढंच हवं होतं.

जावेला गोंदणारी बाई केव्हाच वारली होती. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत गोंदणाऱ्या बायका बसतात हे मला माहीत होतं, पण त्यांच्याकडे ठरावीक चित्रं असतात, त्यामुळे आपलं चित्र आपणच न्यायला हवं. एका रविवारी दुपारी मी जावेपुढे बटर पेपर आणि पेन्सिल घेऊन बसले.

"हात दे. लांडगा उतरवून घ्यायचा आहे."

तिने विचारलंसुद्धा नाही का म्हणून. पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढे केला. "घ्या की अक्का. माझं काय कमी व्हतंय?"

मी कागद तिच्या हातावर ठेवला आणि रेघ गिरवली. कितीतरी वेळ मी तिचा हात धरून होते. इतक्या जवळून मी तो लांडगा कधी पाहिला नव्हता. पाठीची रेघ मध्ये किंचित खाली दबलेली होती, थकलेल्या जनावराची असते तशी. पुढचा डावा पाय उचललेला होता. हे काढणारीने खरा लांडगा पुष्कळदा पाहिला असणार. नंतर टेबलावर बसून मी तेच चित्र थोडं लहान करून, ओली केली की शाई सुटते त्या पेन्सिलीने पक्क्या कागदावर काढलं. चार वेळा काढलं. चौथं मनासारखं झालं.

जागाही ठरवली होती. जावेसारखी मनगटाच्या वर नको, शाळेत दिसलं असतं. मनगटावरच, आतल्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्याखाली. हवं तेव्हा घड्याळ काढायचं, नको तेव्हा लावायचं. मला ती युक्ती फार आवडली होती.

जत्रेत माझ्याबरोबर जाऊच आली, कारण गोंदताना हात धरायला घरची बाई लागते. आम्ही दर्शन घेतलं, तुमच्या आईला पाळण्यात बसवून दिरांच्या हवाली केलं आणि गोंदणाऱ्या बाईपुढे जाऊन बसलो. आता सुया राहिल्या नव्हत्या. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं मशीन होतं, भुंग्यासारखं गुणगुणणारं. मागे कापडावर चित्रं टांगलेली: ओम, विंचू, मोर, बाण लागलेला बदाम.

मी म्हटलं, "लांडगा काढायचा आहे."

बाई हिंदीत म्हणाली, "लांडगा कोई नहीं निकालता, दीदी. कुत्ता चलेगा? कुत्ता है मेरे पास."

जाऊ पदरात तोंड घालून हसायला लागली. मी कागद पुढे केला आणि शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की या कागदावर आहे तसंच्या तसं पाहिजे, स्वतःच्या मनाने काही बदलायचं नाही, आणि सुई एकच, रेघ बारीक. बाईने मान डोलावली. तिने माझं मनगट ओल्या फडक्याने पुसलं, कागद चित्राच्या बाजूने त्यावर दाबला आणि उचलला. शाई हातावर उतरली होती. मला ते इतकं स्वच्छ आणि शास्त्रशुद्ध वाटलं की मी बघतच राहिले. मग मशीन सुरू झालं आणि मी डोळे मिटले. जावेने माझी बोटं घट्ट धरली होती. ती सारखी काहीतरी बोलत होती, माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. पाळणेवाल्याच्या मिशा, शेजारच्या बाईचा मोडलेला अंबाडा.

डोळे उघडले तेव्हा सूज होती, हळद लावलेली होती, आणि त्या हळदीत लांडग्याचं तोंड माझ्या कोपराकडे होतं.

रबरी शिक्का उलटा कोरावा लागतो हे मला माहीत होतं. शाळेत हजेरीच्या वहीवर मी रोज शिक्के पाहायचे. तरी कागदावरचं चित्र हातावर दाबलं की ते उलटं उमटणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बाईचा दोष नव्हता. मी सांगितलं तसंच्या तसं तिने केलं होतं.

मी जावेला म्हटलं, "तुला दिसत होतं ना? सांगितलं का नाहीस?"

"शाई उतरली तवाच दिसलं, अक्का. मला वाटलं तुमी मुद्दाम केलं. तुमी शिकलेल्या. कायतरी इचार असंल."

घरी सासूबाईंनी माझा हात उजेडात धरून पाहिला. "अगं माय. लांडगा घरात घेतलास व्हय? आता शेळ्या बाहेर बांधा अन् याला गोठ्यात." पुढे आठवडाभर घरातलं काहीही हरवलं, बत्ता, चमचा, लेकराचं कानटोपरं, की त्या म्हणायच्या, मास्तरणीच्या लांडग्यानं नेलं.

मी वाट पाहत होते ती खपली धरून पडायची. लांडगा स्वच्छ दिसायला लागल्यावर एका संध्याकाळी मी घड्याळ काढलं आणि तुमच्या आईला हाक मारली. तिने माझा हात मांडीवर घेतला. बोट लांडग्याच्या शेपटीवर ठेवलं, पाठीवरून नेलं, कानापाशी थांबली.

"काकूचा जाऊन राहिला," ती म्हणाली. "तुझा येऊन राहिला."

त्या दिवशी मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, "हो. संध्याकाळच्या गाडीने येतो."

तिला ते पटलं. एवढं पटलं की ती धावत गेली ते काकूला सांगायला, आणि मग तिथेच झोपली, काकूच्या हातावर. मी घड्याळ पुन्हा लावलं.

पुढची वर्षं लवकर गेली. तुमची आई शिकायला औरंगाबादला गेली, मग पुण्याला, मग लग्न होऊन तुमच्या देशात. तोवर आपल्या घरात फोन आला होता. रविवारी तिचा फोन यायचा. "हॅलो आई, कशी आहेस, काकू कुठे आहे?" या दोन प्रश्नांच्या मध्ये ती श्वाससुद्धा घ्यायची नाही. मी गोठ्याकडे हाक मारायचे. जाऊ हात पुसत यायची आणि तिथून समुद्रापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची.

"लांडगा बरा हाय, लेकरा. म्हातारा झाला आता. दात पडले, भाकर कुस्करून खातो."

मग दोघी हसायच्या. मी दारात बसून निवडलेले गहू पुन्हा निवडायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका उन्हाळ्यात जावेला ताप आला. हिंगोलीला दवाखान्यात ठेवलं होतं, मी शेजारीच होते, तिने पाणी मागितलं आणि ती गेली. तुमची आई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पोटात तेव्हा थोरली होती म्हणून तिला लगेच निघता आलं नव्हतं.

आल्यावर ती रडली नाही. तिने ट्रंकेतून सगळे फोटो काढून सतरंजीवर मांडले. तिला लांडगा हवा होता. एकाही फोटोत तो नव्हता. लग्नाच्या फोटोत जावेचा हात शालूत होता, बारशाच्या फोटोत बाळाच्या अंगाखाली, आणि घरातल्या एकुलत्या एका चांगल्या फोटोत तिने तो पाठीमागे धरला होता, कारण हाताला पीठ होतं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, नाहीतर म्हणाल्या असत्या की बाईसंगं गेला. आणि तो गेलाच होता.

तुमच्या आईने फोटो गोळा करून परत ट्रंकेत ठेवले. मग उठून माझ्याजवळ आली, माझा डावा हात घेतला आणि काही न विचारता घड्याळाचा पट्टा सोडला. तिचं बोट शेपटीवर टेकलं. पाठीवरून गेलं, त्या दबलेल्या जागी थोडं थांबलं, कानापर्यंत आलं, पुन्हा शेपटीकडे गेलं. मग ती रडायला लागली, माझ्या हातावर डोकं ठेवून.

इतक्या वर्षांनी माझी मुलगी माझा हात धरून बसली होती, आणि हात माझा नव्हता. मी तिला थोपटत राहिले आणि माझ्या मनात एकच होतं, की जाऊ मेल्यावरसुद्धा माझ्या मनगटावर बसून माझ्या मुलीला कुशीत घेते आहे. हे मी तुमच्या आईला कधी सांगितलं नाही. आता ती वाचेल. वाचू दे. जाऊ चांगली बाई होती, आणि मी अजून तिच्यावर जळते.

आता थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर, नीट.

कानामागे काढू नकोस. तो तुला स्वतःला दिसणार नाही आणि दुसऱ्यांना दाखवायला केसांशी खटपट करावी लागेल. बरगडीवर दुखतं फार असं ऐकते, आणि तिथला लांडगा कायम कपड्यात कोंडलेला राहणार. घोट्यावर आमच्याकडे जनावर काढत नाहीत, पायाला धूळ लागते, मोजा घासतो. गळ्याच्या हाडावर सुंदर दिसेल, पण तिथे कुणाचं बोट सहज जात नाही. मनगटाचा अनुभव मला आहे. तिथे भांडी, साबण, पट्टा, सगळं घासलं जातं. आतल्या हातावर, मनगटाच्या तीन बोटं वर काढ. तिथली कातडी मऊ असते, ऊन लागत नाही, आणि मांडीवर बसलेल्या लहान मुलाचा हात बरोबर तिथे पोचतो.

रेघ बारीक ठेव, पण दोन रेघांमध्ये जागा सोड. वय वाढलं की शाई पसरते. माझ्या लांडग्याचे मागचे दोन पाय जवळजवळ होते, ते आता एक झाले आहेत. शेपटीचे केस काढू देऊ नकोस, दहा वर्षांत डाग होईल. डोळा नको. पाठ मध्ये किंचित दबलेली पाहिजे, पुढचा डावा पाय उचललेला. आणि हे सगळं तिथल्या माणसाला सांगून झालं की विचार की तो कागद हातावर कसा दाबतो. तोंड बोटांकडे आलं पाहिजे.

सोबत मनगटाचा फोटो पाठवते आहे. सकाळच्या उन्हात, घड्याळ काढून, शेजारच्या मुलीकडून काढून घेतला. तो आरशात दिसेल तसा उलटा करून घे, म्हणजे काकूआजीचा होईल.

जाऊ नाही, तिच्या हाताचा फोटो नाही, बटर पेपर उंदरांनी खाल्ला. माझ्या डाव्या मनगटावर एक कान, पाठीची रेघ, तीन पाय आणि शेपूट अजून आहे.